शर्यत, कौशल्य आणि फलत्याग

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे आणि भारतीय विद्या भवनाचे दिल्ली केंद्रही आहे. राजधानीत आलेला मराठी गृहस्थ पहिल्या वास्तूत उतरतो. दुसरीचे नाव घेताच त्याच्या मनात भारतीय विद्येचे आणि गीतेचे स्मरण जागे होते. तेथून फार दूर नसलेल्या तालकटोरा येथे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या नावाचे जलतरण संकुल आहे.

असे समजावे की, आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तेथील स्पर्धेसाठी घेऊन आलेला एक गृहस्थ सायंकाळी या मार्गाने चालला आहे. मुलाची शर्यत दुसऱ्या दिवशी आहे. पिता नित्य गीतापाठ करणारा आहे आणि त्याच्या मनात एक शंका दाटली आहे. फळावर आपला अधिकार नाही, असे भगवंत सांगतात. शर्यत तर केवळ फळासाठीच असते. मग मुलाला "जिंकण्याची इच्छा सोड" असे सांगावे, तर तो मंद होईल. "जिंकलेच पाहिजे" असे सांगावे, तर आपण रोज वाचतो त्या ग्रंथाशी प्रतारणा होईल. या दोहोंपैकी पित्याने काय सांगावे?

ही शंका एका पित्याची नाही. परीक्षा, व्यापार, नोकरी, निवडणूक, जेथे जेथे एकाचे यश म्हणजे दुसऱ्याचे अपयश असते, तेथे तेथे ती उभी राहते. शर्यतीत ती केवळ उघडी पडते, इतकेच.

प्रथम शर्यतीचे स्वरूप पाहू. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. पोहणाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध दुप्पट होत नाही, तो जवळजवळ चौपट होतो. यामुळे अधिक बळ लावणारा अधिक वेगाने जाईलच, असा भरवसा पाण्यात नाही. पुष्कळदा बळाचा मोठा भाग पाणी ढवळण्यातच खर्च होतो. जाणता प्रशिक्षक म्हणूनच मुलाला बळाआधी आकार शिकवतो. सूर मारल्यावर दोन्ही हात डोक्यापुढे एकत्र ताणलेले, शरीर बाणासारखे सरळ. हात पाण्यात शिरल्यावर कोपर उंच, म्हणजे तळवा आणि पुढचा हात मिळून पाणी मागे लोटतील. श्वास घेताना डोके वर न उचलता अंगाच्या वळणाबरोबर केवळ बाजूला फिरवायचे. भिंतीजवळ कोलांटी घेण्यापूर्वीचा आणि घेतल्यानंतरचा श्वास टाळायचा, कारण भिंतीला पाय रेटून मिळणारा वेग हा पोहून मिळणाऱ्या वेगापेक्षा अधिक असतो आणि एका अवेळी घेतलेल्या श्वासाने तो वाया जातो. पाण्याखालून जाण्यालाही मर्यादा आहे: फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत आरंभानंतर व प्रत्येक वळणानंतर 15 मीटरच्या आत डोके पृष्ठभागावर आले पाहिजे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक हात आधी लागला तर सर्व परिश्रम बाद ठरतात.

आता या वर्णनातील एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शर्यत चालू असता मुलाने शेजारच्या लेनमध्ये कोण कोठे पोहोचला हे पाहण्यासाठी डोके उचलले, तर तत्क्षणी त्याची कंबर व पाय खाली जातात, पाण्याचा विरोध वाढतो आणि गती मंदावते. फळाकडे पाहण्याची किंमत तेथल्या तेथे भरावी लागते. पाण्याला उपदेश करता येत नाही. परंतु कर्म करीत असता चित्त कर्मापासून ढळले की कर्म बिघडते, हा नियम ते फार लवकर शिकवते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्याला त्या क्षणी गुरूची शाबासकी दिसत नव्हती, दुर्योधनाचा मत्सरही दिसत नव्हता. लक्ष्य आणि फळ या दोन भिन्न वस्तू आहेत. पक्ष्याचा डोळा हे लक्ष्य होय; शाबासकी हे फळ होय. गीता फळाची आसक्ती सोडण्यास सांगते. लक्ष्य सोडण्यास ती कोठेही सांगत नाही.

येथवर पित्याचे समाधान होईल आणि तो म्हणेल, "तर मग ठीक. मुलाने फळाचा विचार सोडला की तो अधिक वेगाने पोहेल आणि जिंकेल." परंतु येथेच खरी अडचण आहे. जिंकण्यासाठी फलत्याग करणे, हा फलत्याग नव्हे. ती फळाचीच इच्छा एक पायरी मागे जाऊन लपलेली आहे. असा फलत्याग पराभवाच्या पहिल्या आघातासरशी नाहीसा होतो, कारण तो ज्या फळाच्या आशेवर उभा होता ते फळच मिळाले नाही. निष्कामता हे यशाचे साधन म्हणून शिकवली, तर प्रत्येक अपयश गीतेविरुद्ध साक्ष देऊ लागेल.

याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच जलतरणपटूचे आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा तो अवघ्या सोळा वर्षांचा होता. 2010 साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. 1986 साली सोल येथे खजान सिंग यांनी मिळवलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात मिळालेले हे पहिलेच पदक होते; मध्ये चोवीस वर्षे लोटली होती. पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या सेवेत तहसीलदार झाला आणि तरीही पाण्याकडे परतला. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ता येथे 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्याला 22.47 सेकंद लागले. कांस्यपदक ज्याला मिळाले त्या जपानी जलतरणपटूची वेळ 22.46 होती. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गेले. आणि त्याच स्पर्धेत त्याने स्वतः त्या पदकाच्या वेळेपेक्षा कमी वेळ नोंदवली होती.

या घटनेचा विचार गृहस्थाने शांतपणे करावा. काय उणे होते? कौशल्य उणे होते म्हणावे, तर राष्ट्रीय विक्रम त्याच पाण्यात झाला होता. प्रयत्न उणा होता म्हणावे, तर त्याला आधार नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. शरीर, स्वतः पोहणारा, त्याचे हातपाय आणि श्वास, त्याच्या हालचाली ही चार कारणे साधनेच्या आटोक्यात येतात. शेजारच्या लेनमधील मनुष्याने त्या दिवशी किती वेगाने पोहावे, हे आटोक्यात येत नाही. जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याला भगवंतांनी त्या ठिकाणी अल्पबुद्धी म्हटले आहे. विजयी मनुष्याला हे वचन जितके लागू आहे तितकेच पराजिताला. "मी जिंकलो" यात जसा अहंकार आहे, तसाच "मीच हरलो, माझ्यामुळेच सर्व गेले" यातही आहे.

मोजमापाची मर्यादा तर स्पर्धा भरवणाऱ्यांनीही ओळखली आहे. 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटरच्या चारही शैलींच्या वैयक्तिक शर्यतीत स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत तंतोतंत सारखी आली. तेव्हा सहस्रांश मोजले गेले आणि दोन सहस्रांशांनी लार्सन सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पुढे नियम बदलला. तलावाच्या सर्व लेनची लांबी इतक्या सूक्ष्म मापापर्यंत समान असल्याची खात्री देता येत नाही, म्हणून आता शतांशापलीकडे मोजले जात नाही. 2016 साली रिओ येथे 100 मीटर बटरफ्लायमध्ये तीन जलतरणपटूंना एकाच वेळी रौप्यपदक मिळाले, ते याच नियमाने. ज्या फळाला मनुष्य जीव देतो, ते फळ ठरवणाऱ्या मापालाही एके ठिकाणी थांबावे लागते.

मग घड्याळ फेकून द्यावे काय? मुळीच नाही. घड्याळ हे ज्ञानाचे साधन आहे. आज 50 मीटरला किती हात मारले, वळणाला किती वेळ गेला, शेवटचे पाच मीटर गती का मंदावली, हे मुलाने पाहिलेच पाहिजे. फळाचा विचार करणे आणि फळाला चिकटणे यांत अंतर आहे. वैद्य रोग्याचा ताप मोजतो, परंतु ताप उतरला नाही म्हणून रोग्यावर रागावत नाही. तो उपचार बदलतो. मुलाने आपल्या वेळेकडे आणि पित्याने मुलाकडे याच दृष्टीने पाहावे.

कौशल्याविषयीही एक सावधगिरी हवी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी योगाला कर्मातील कौशल्य म्हटले आहे. पण खोटा दस्तऐवज करणाराही आपल्या कामात कुशल असतोच! म्हणून समत्वाचे वर्णन आधी केले आणि मग कौशल्याचा उल्लेख केला, हा क्रम विसरता कामा नये. कुमारांच्या स्पर्धा वयोगटाप्रमाणे होतात. तेथे वयाचा खोटा दाखला देण्याचा मोह पालकांना होतो, हे लपलेले नाही. असा दाखला देणारा पिता मुलाला पदक मिळवून देत नाही. फळासाठी सत्य टाकता येते, एवढेच तो त्याला शिकवतो. मुलाचा हात पाण्यात कसा शिरावा हे प्रशिक्षक शिकवील. कोणता विजय नाकारावा हे घरानेच शिकवले पाहिजे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, कारण तो तपश्चर्येच्या वेषात येतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीर झपाट्याने वाढते. हात लांब होतात, वजन बदलते, काल जमलेली लय आज चुकते आणि महिनोन्महिने वेळ सुधारत नाही. अशा वेळी अधीर पालक अंतर वाढवण्याचा, झोप कमी करण्याचा, खांद्याचे दुखणे सोसून पोहण्याचा आग्रह धरतात. मूढ हट्टाने शरीराला पीडा देऊन केलेल्या तपाला सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. आणि सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा व जागृती यांत जो प्रमाण राखतो त्यालाच योग साधतो असे सांगितले आहे. आजचे वैद्यकही 13 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना रात्री 8 ते 10 तासांची झोप आवश्यक मानते. जुन्या पिढीला याचे मर्म ठाऊक होते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले. कुस्ती आणि पोहणे यांचा त्या व्यायामात समावेश होता. मंडालेच्या तुरुंगात ज्यांनी गीतारहस्य लिहिले, त्यांच्या कर्मयोगाला त्या वर्षाचे बळ लाभले होते, पदक मात्र एकही नव्हते.

मग अभ्यासाचे खरे फळ कोणते? 1947 साली कोलकात्यात सचिन नाग यांच्या पायाला गोळी लागली; तरी पुढच्याच वर्षी ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले आणि मार्च 1951 मध्ये याच नवी दिल्लीत, पहिल्या आशियाई स्पर्धेत, 100 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. लोक पदक आठवतात. परंतु जखमी पायाने पुन्हा पाण्यात उतरताना ते पदक कोणाच्याही हातात नव्हते, असेल असेही कोणी सांगू शकत नव्हते. तेव्हा त्यांच्यापाशी होता तो केवळ निश्चय. तो पदकाने वाढला नसता आणि पदक हुकले असते तरी घटला नसता. धैर्य व उत्साह यांनी युक्त, अहंकाररहित, सिद्धी-असिद्धीत निर्विकार असा जो सात्त्विक कर्ता अठराव्या अध्यायात वर्णिला आहे, त्यात उत्साह हा शब्द आहे, हे विसरू नये. निष्काम मनुष्य थंड नसतो. तो पूर्ण उत्साहाने झेप घेतो आणि भिंतीला हात लागल्यावर मोकळा होतो.

तेव्हा त्या पित्याने मुलाला काय सांगावे? "हरलास तरी चालेल" असे नव्हे, कारण त्यात शैथिल्य आहे. "जिंकूनच ये" असेही नव्हे, कारण त्यात मुलाच्या अधिकाराबाहेरची गोष्ट त्याच्याकडे मागितली आहे. "शिकलेला प्रत्येक हात नीट मार, भिंतीपर्यंत डोके उचलू नकोस, आणि बाहेर आल्यावर शेजारच्या लेनमधील मुलाचा हात हातात घे" एवढे सांगावे. आणि मग स्वतःही तेच करावे. फलक दिसण्यापूर्वी मुलाच्या तोंडाकडे पाहावे, फलक दिसल्यानंतरही त्याच प्रेमाने पाहावे. या घरातील खरी परीक्षा मुलाची नाही, पित्याची आहे.

ज्या मार्गाने तो पिता चालला आहे, त्याचे नाव एके काळी कर्झन रोड होते. आज तो कस्तुरबांच्या नावाने ओळखला जातो. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासातच, त्यांनी देह ठेवला. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंग पत्करला ते त्यांनी पाहिले नाही. आपले नाव राजधानीच्या मार्गाला मिळेल हेही त्यांना ठाऊक नव्हते. कर्म पूर्ण झाले होते. फळ मागाहून आले आणि ते दुसऱ्यांच्या वाट्यास आले.