रिवाज आणि सरहद्द

फराळाच्या ताटापाशी असला विषय नको, असे घरातूनच सुचवण्यात आले होते. पण वर्ध्याच्या आमच्या ओसरीवर एक स्नेही म्हणाले, "मुलींची सुंता? ती तिकडे आफ्रिकेत!" आफ्रिकेत आहेच, पण मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजातही सातव्या वर्षाच्या सुमारास मुलीचा 'खतना' करण्याचा रिवाज आहे. त्या समाजातल्याच काही स्त्रियांनी २०१५ साली नावानिशी त्याविरुद्ध निवेदन काढले.

"त्यांचा धर्म आहे, आपण कशाला बोलावे?" स्नेही म्हणाले. १८९१ साली संमतिवय दहाचे बारा होत होते, तेव्हा टिळकही म्हणत होते की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. तेव्हा बोलण्याचा माझा अधिकार मी बेताचाच धरतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. नुसती चीर, इजा नाही, असे समर्थक सांगतात. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांवर खटला झाला आणि तेवढी चीरही गुन्हाच, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. त्याआधीच, २०१६ मध्ये, सिडनी-लंडनच्या जमातींनी आपल्या लोकांना कळवले होते : देशाचा कायदा पाळा, हे करू नका. म्हणजे रिवाज थांबवता येतो तर! आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. २०१७ ची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवली.

"समजा, सिडनीतली मुलगी वाचली," मी म्हटले, "तिची भेंडीबाजारातली मामेबहीण?"

स्नेह्यांनी चकली मोडली, आणि बराच वेळ ती हातातच राहिली.