वऱ्हाडच्या जावयाकडे मागणं

द्वारकानाथा, पंढरीच्या पांडुरंगा, तुला नावं हजार असली तरी आम्हा वऱ्हाडातल्या बायकांसाठी तू आधी जावई आहेस. कौंडण्यपूरची लेक रुक्मिणी तुला दिली. दिली कसली, तिनंच तुला निवडलं, सख्ख्या भावाच्या नाकावर टिच्चून. जावयाला अहो-जाहो करतात हे मला कळतं, पण देवाला अरे-तुरे करायची जीभ लहानपणीच वळली, ती आता साठी उलटल्यावर काय बदलणार! तेव्हा मानापमान बाजूला ठेव आणि ऐक.

आम्ही दोघं निघतो आहोत. कौंडण्यपूरला कार्तिकातली दहीहंडी फुटली की निघायचं ठरलं आहे. अमरावतीहून अकोला, पुढे खामगाव, मलकापूर, जळगाव, धुळे करत सुरत आणि तिथून तुझी द्वारका. मग उलट फिरून, घरावरून पुढे नागपूर, रायपूर, संबलपूर आणि शेवटी तुझी पुरी. हा 53 क्रमांकाचा महामार्ग सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघतो आणि ओडिशात पारादीपच्या बंदराला जाऊन थांबतो. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, आणि वाटेत आमचं अकोला-अमरावती. जुनी माणसं त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. आम्ही जन्मभर त्याच्या मधल्या तुकड्यावर खालीवर केलं; टोकं काही पाहिली नाहीत.

यांची उभी नोकरी गाड्यांखाली झोपून गेली. 2021 साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पेपरात त्याचे फोटो आले आणि ते यांच्या डोक्यात शिरले ते शिरलेच. निवृत्तीच्या पैशातून जुना टेंपो ट्रॅव्हलर घेतला. आतल्या सीटा काढल्या, दोन अरुंद बाक-पलंग बसवले, गॅसचा ओटा केला, टपावर सोलरची प्लेट लावली, खाली पाण्याची टाकी. असा फेरफार आपल्या मनानं करता येत नाही. आरटीओची मंजुरी लागते, आरसी बुकात तशी नोंद लागते. त्या कागदांच्या मागे हे जितके फिरले तितक्यात एक फेरी द्वारकेची झाली असती. पोरगा म्हणतो, एवढ्या पैशात विमानानं जाऊन आला असता. शेजारीण म्हणते, “या वयात कायले एवढी धडपड?” दोघांनाही मी हसून चहा देते.

पण तुझ्यापाशी खरं सांगते, देवा. त्या गाडीत मला सगळ्यात आवडलं ते मागच्या कोपऱ्यातलं संडास. पत्र्याचं दार, आतून कडी, आपलं स्वतःचं. हे प्रार्थनेत बोलायचं नसतं असं कुणी म्हणेल, तो पुरुष असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला मी वर्षानुवर्षं एसटीनं गेले. आदल्या रात्रीपासून पाणी मोजून प्यायचं, सकाळचा चहा अर्धा टाकून द्यायचा, स्टँडवर उतरून भिंतीआड जाणाऱ्या पुरुषांकडे पाठ करून उभं राहायचं. मूर्तिजापूर असो की दर्यापूर, आमच्या पिढीच्या बायकांनी वऱ्हाडातला सगळा प्रवास तहानेनं केला. अकोल्याच्या मे महिन्यातही. पारा 45 च्या वर, पिशवीत भरलेली बाटली, आणि ती उघडायची नाही.

म्हणून तुझी ती गोष्ट मला दुखते. दुर्वासांना जेवायला द्वारकेला आणायचं होतं. त्यांनी अट घातली की रथाला घोडे नकोत, तुम्ही दोघांनी ओढा. तुम्ही ओढलात. नवराबायकोनं जोडीनं केलेला तो प्रवास, आणि त्यात बसलेला तिसराच! वाटेत आमच्या लेकीचा घसा कोरडा पडला. तू पायाचा अंगठा टेकवलास, पाणी वर आलं, ती प्यायली. पाहुण्याला आधी विचारलं नाही एवढंच. त्यावर शाप: तुम्ही वेगळे राहाल आणि इथलं पाणी खारट होईल. म्हणून द्वारकेत तिचं देऊळ तुझ्यापासून दूर, गावाबाहेर उभं आहे आणि लोक तिथे अजून पाण्याचं दान देतात. शाप देणाऱ्याला सगळे ऋषी म्हणतात. मी त्यांच्याबद्दल काय म्हणते ते तुला ऐकू येतच असेल.

खाऱ्या पाण्याचं तिच्या माहेराला नवल नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा तुला ठाऊक आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर. वर काळी कसदार जमीन, खाली बोअर मारलं तर तोंडात धरवत नाही असं पाणी. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि ते पिऊन पिऊन माणसांची मूत्रपिंडं जातात. भातकुलीला लोक रुक्मीचं भोजकट म्हणतात. बहिणीच्या रथामागे धावला, तुझ्याकडून डोकं भादरून घेतलं, आणि लाजेनं कौंडण्यपूरला न परतता इथेच राहिला तो भाऊ. त्याला खारं पाणी मिळालं यात मला न्याय दिसतो. पण तिथल्या आजच्या लेकीसुनांनी काय केलं होतं? पट्ट्यात गोड्या पाण्याचे नळ आले आहेत, त्यांना पाणी रोज येऊ दे. हे माझं वाटेतलं मागणं समज, मुख्य नव्हे.

रुक्मिणीसाठी मी एक कॅन भरून घेणार आहे. अमरावतीच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं. त्याच वर्धेच्या काठावर खाली कौंडण्यपूर आहे, म्हणजे पाणी तिच्या माहेरच्या नदीचं. त्या जलाशयाला नाव दिलं आहे नल-दमयंती सागर. दमयंतीही आमचीच, विदर्भाची. तिचा नवरा तिला रानात झोपेत टाकून गेला, अर्धं लुगडं फाडून घेऊन. आमच्या मुलखातून नवऱ्यासोबत निघालेल्या बायकांचं असं काहीतरी होतं खरं.

संतांचंही तेच. आमच्या मुलखाला फिरत्या साधूंची वाण नाही, पण ते एकटे निघाले. शेंडगावचे डेबूजी 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडून गेले आणि गाडगेबाबा झाले. पंढरपूर, नाशिक, आळंदीला दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः कधी छपराखाली विसावले नाहीत. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, गाडीतच त्यांचा प्राण गेला. इतका रस्त्याचा माणूस दुसरा झाला नाही. मी त्यांच्यापुढे वाकते, आणि वाकताना त्यांच्या पत्नी कुंताबाईंचंही नाव घेते. लेकरं घेऊन मागे राहिल्या त्या. त्यांनाही कधी विचारलं असतं, की बाई, तुला कुठे जायचं आहे?

मला कुणी विचारलं नव्हतं. तक्रार नाही, तशी रीतच होती. आमच्याकडे बाईच्या प्रवासाला कारण लागतं. माहेरचं लग्न, सासरचं मरण, लेकीचं बाळंतपण, नागपूरचा दवाखाना, आणि कारणांचं कारण म्हणजे वारी. कौंडण्यपूरहून तुझ्या रुक्मिणीची पालखी 1594 पासून पंढरीला जाते असं सांगतात. त्या पालखीसोबत चालणाऱ्या कितीतरी बायकांना घराबाहेर पडायला तेवढी एकच परवानगी असे. कारण नसताना, नुसतं पुढचं गाव कसं आहे ते बघावं म्हणून, मी पहिल्यांदा निघते आहे. एका अर्थी मी तुझ्या बायकोच्या वाटेनं निघाले आहे. तिनं तुला पत्र लिहिलं, त्यात दिवस कळवला, जागा कळवली: लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनाला येईन, तिथून ने. अमरावतीचे लोक ती जागा आपल्या अंबादेवीची सांगतात, कौंडण्यपूरचे आपल्या अंबिकेची. तुम्ही दोघांनी कधीतरी खरं सांगून टाकावं. जागा कुठलीही असो, तो सगळा बेत तिचा. एकनाथांनी काशीत बसून रुक्मिणी-स्वयंवर रचलं आणि लग्न जमावं म्हणून पोरी ते वाचू लागल्या. मी वाचलं तेव्हा मला लग्नापेक्षा त्या पत्रातला ठामपणा लक्षात राहिला.

आता रस्त्याचं. अमरावती-अकोला पट्टा वर्षानुवर्षं खड्ड्यांनी बदनाम होता. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना या भागात 75 किलोमीटर लांबीची डांबरी काँक्रीटची लेन सलग 105 तास 33 मिनिटांत घातली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरचा, दहा दिवसांचा. लेन एकेरी मोजली आहे. दुपदरी रस्ता धरला तर साडेसदतीस किलोमीटर भरतात. हे मी म्हटलं की यांना राग येतो, जणू मी रस्ताच उचलून नेला. असो. 3 जूनच्या सकाळी सुरू झालेलं काम 7 जूनच्या संध्याकाळी थांबलं आणि 720 माणसं त्यात राबली. मृगाच्या तोंडावरचं वऱ्हाडी ऊन आणि समोर वाफाळतं डांबर. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तेव्हा हातात पाण्याचा तांब्या मिळालेला असू दे, आणि आज ते जिथे कुठे रस्ते घालत असतील तिथेही मिळू दे. लोणीच्या पुढे गाडी विनाधक्का धावेल तेव्हा मी त्यांचं नाव घेईन. नावं मला माहीत नाहीत, तुला आहेत.

गाडीबद्दल फार मागत नाही. ब्रेक लागू दे, रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि दिवे नसलेल्या बैलगाड्या वेळेवर दिसू दे. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, देवळाच्या आवारात रात्रभर गाडी उभी करायला कुणी नाही म्हणू नये. म्हटलं तर यांनी वाद घालू नये. आमचे गुडघे आणि यांचं बीपी परतेपर्यंत धीर धरो. आणि दुर्वासासारखा तिसरा कुणी गाडीत चढू देऊ नकोस. नात्यातले दोघेजण आताच विचारू लागले आहेत, “जागा हाये का?”

भांडणं होतील. एवढ्याशा डब्यात दोन माणसं, एकाला पंखा हवा, दुसऱ्याला खिडकी. घरात भांडलं की मी स्वयंपाकघरात जाते, हे अंगणात. इथे ओटा आणि पलंग यांत दोन पावलांचं अंतर. रागानं उतरून चालू लागायचं तर कुठे, बुलढाणा जिल्ह्याच्या माळावर? भांडण होऊ देऊ नकोस असं मी म्हणत नाही; तुलाच ते जमलेलं नाही. फक्त ते रात्रीच्या जेवणापुढे नेऊ नकोस. ठेचा-भाकरी पुढे आली की यांचा राग उतरतो, हे मला ठाऊक आहे, आता तुलाही सांगून ठेवते.

गाडी चालवायचं लायसन्स मी काढलं आहे. हे आधी म्हणायचे, “तू निस्ती बस, गाडीचं मी पाह्यतो.” मी बसले नाही. आपल्या दोघांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, देवा, की या वयात निघालेल्या दोघांतला एक वाटेत थांबू शकतो. तसं झालं तर दुसऱ्याला गाडी घरी आणता यायला हवी. मी शिकले ते त्यासाठी. त्याची वेळ या फेरीत आणू नकोस.

आणि आता मुख्य मागणं. द्वारकेत तिचं देऊळ गावाबाहेर. पंढरपुरात ती रुसून आली आणि तू समजूत काढायला मागे आलास, तरी तिचा गाभारा वेगळाच. पुरीत तू रथात भाऊ घेतोस, बहीण घेतोस आणि लक्ष्मीला घरी ठेवतोस. ती पाचव्या दिवशी येऊन तुझ्या रथाचा तुकडा मोडून जाते, आणि तू परतलास की दार लावून घेते. मग तुला रसगुल्ला पुढे करावा लागतो. इतक्या क्षेत्रांत इतक्या प्रेमाचं जोडपं, आणि राहतं असं लांब लांब. आम्हाला तसं ठेवू नकोस. समुद्र दिसेल तेव्हा दोघांना एकदम दिसू दे, टायर पंक्चर होईल तेव्हा दोघंही खाली उतरलेली असू दे, आणि परत अमरावतीच्या वेशीत शिरताना पुढच्या दोन्ही सीटा भरलेल्या असू दे. आणि जावईबुवा, आषाढात पुरीला रथ निघेल तेव्हा तिलाही शेजारी बसवा.