अर्थाला बांधलेली वायर

गाडीच्या वायरिंगमध्ये रंगावर विश्वास ठेवायचा नसतो, हे या धंद्यात पहिल्या महिन्यातच कळतं. रिमोट स्टार्टर बसवायचा तर स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून इग्निशनच्या कप्लरमधल्या चार-पाच जाड वायरी ओळखाव्या लागतात. त्यासाठी तक्ते मिळतात, व्हिडिओ मिळतात. लाल म्हणजे बॅटरीचा करंट, अमुक रंग म्हणजे सेल्फ, असं कोणीतरी ठामपणे सांगत असतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या समोरच्या गाडीत तसंच असतं. आपल्यासमोरची गाडी त्याच मॉडेलची, पण वेगळ्या वर्षाची किंवा वेगळ्या व्हेरिएंटची असते आणि रंग फिरलेले असतात. न्यायदर्शनात शब्दही प्रमाण मानलाय, पण आप्ताचा शब्द. म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो त्याचा. व्हिडिओतला माणूस प्रामाणिक आहे, पण ही गाडी त्याने पाहिलेली नाही.

म्हणून वायरीलाच विचारायचं. मल्टिमीटरचं एक टोक बॉडीला, दुसरं वायरीवर, आणि चावी एकेक घर पुढे न्यायची. चावी काढलेली असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. चावी ऑनला आल्यावर जागी होते आणि सेल्फ मारतानाही जागीच राहते ती इग्निशनची. ऑनला असते, पण सेल्फ मारताच शून्यावर येते ती अॅक्सेसरीची, स्टिरिओ वगैरे चालवणारी. आणि जी एरवी मेलेली असते, फक्त सेल्फ मारताना उठते, ती सेल्फची. चावी नुसती ऑनला ठेवून इग्निशन आणि अॅक्सेसरी वेगळ्या ओळखता येत नाहीत; सेल्फ मारल्यावरच फरक दिसतो. जुना टेस्ट लॅम्प इथे वापरू नये, त्याचा बल्ब स्वतः करंट ओढतो. पिवळ्या कप्लरकडे तर हातही नेऊ नये, त्या बहुतेक एअरबॅगच्या वायरी असतात. (रंगावर विश्वास नको म्हणालो खरा, पण भीती बाळगायला रंग पुरेसा आहे.)

हे काम करताना एक समाधान मिळतं. वायर खोटं बोलत नाही. तिला नीट विचारलं की ती नीट उत्तर देते. खोटं बोलायची सोय आहे ती माझ्याकडे, आणि ती पुढच्या वायरीपाशी येते.

कारंज्यात मे महिन्यात दुपारी गुरुमंदिराजवळ किंवा बाजार समितीच्या आवारात तासभर उभी राहिलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर दारं उघडी टाकून बाहेर थांबावं लागतं. त्यातच समृद्धी महामार्गावरून येणाऱ्या नव्या गाड्या लोक बघतात. मालक सावलीत उभा राहून मोबाइलवर बोट ठेवतो आणि गाडी स्वतःच गार व्हायला लागते. आपल्या जुन्या गाडीलाही हे हवं, असं वाटण्यात चूक काहीच नाही.

अडचण अशी की त्या नव्या गाड्यांत बरंच काही कारखान्यातच ठरलेलं असतं. इथल्या बहुतेक जुन्या गाड्या हाताने गिअर टाकायच्या, आणि पुष्कळ लोक गाडी गिअरमध्ये टाकूनच उभी करतात. तशी गाडी दुरून सुरू केली तर ती झटक्याने पुढे जाते. म्हणून चांगल्या मॉड्यूलला इतर जोडण्यांबरोबर आणखी दोन बारीक वायरी असतात, एक हँडब्रेकची आणि एक दाराची. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. इंजिन चालू असताना हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, चावी काढायची. इंजिन चालूच राहतं. आपण उतरतो, दार लावतो, आणि मग मॉड्यूल ते बंद करतं. क्लच सोडूनही इंजिन चालत राहिलं आणि माणूस उतरला, म्हणजे गाडी न्यूट्रललाच आहे, हे त्याने स्वतः तपासलेलं असतं. त्यानंतर एकदा जरी दार उघडलं तरी ते आपला भरवसा रद्द करतं, कारण आत कोणी जाऊन गिअर टाकला असेल. दुरून सुरू करणं बंद.

गिऱ्हाइकाला याचाच कंटाळा येतो. आणि हा कंटाळा घालवणं फार सोपं आहे. हँडब्रेकचा स्विच ओढल्यावर आपली वायर बॉडीला, म्हणजे अर्थाला जोडतो, एवढंच. तेव्हा मॉड्यूलची ती बारीक वायर सरळ एखाद्या बोल्टला आवळून टाकली, दाराची जोडलीच नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीचं सेटिंग ठेवलं, की झालं. हँडब्रेक कायमचा ओढलेला. दार कधी उघडलंच नाही. मराठीत ‘अर्थिंग’ला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. त्या वायरीला अर्थ दिला की तिचा अर्थ जातो.

हे खोटं आहे का? एक गिऱ्हाईक मला म्हणालं, “भाऊ, मी गाडी न्यूट्रललेच ठेवतो न, तुमी कायले टेन्शन घेता?” मशीनला काय खोटं सांगणार, तिला काही कळत नाही, असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. मॉड्यूल स्वतःसाठी विचारत नव्हतं. गाडीपुढे जो कोणी उभा असेल त्याच्या वतीने ते विचारत होतं, आणि त्याला उत्तर मी दिलं. तो माणूस दुकानात आलेला नाही, त्याने पैसे दिलेले नाहीत, आणि काय ठरलं हेही त्याला माहीत नाही. महाभारतात धर्मराजाने अर्धवट खोटं बोलल्यावर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला, असं सांगतात. आमच्या गाड्यांना काही होत नाही. त्या मस्त सुरू होतात. ज्या वायरीशिवाय काम अडतं ती सगळे शोधतात. ही अशी वायर आहे की तिच्याशिवाय काहीच अडत नाही.

गाडी सुरू करण्याच्या इतिहासात मला एक गोष्ट खटकते. हँडल मारून गाडी सुरू व्हायची तेव्हा हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, पण मोडायचं ते सुरू करणाऱ्याचंच. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि सुरू करणारा आत, सीटवर आला. तरी समोर काय आहे ते त्याला काचेतून दिसत होतं. रिमोटने त्याला दुसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं. प्रत्येक टप्प्यावर हात सुरक्षित झाला आणि धोका दुसऱ्याकडे सरकला. याला अपवाद ट्रॅक्टरचा. तिथे अजूनही माणसं चाकाजवळ उभी राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ डायरेक्ट मारतात, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर चाक त्यांच्याच अंगावर येतं.

कायद्याने हे आधीच ओळखलं होतं म्हणायचं. मोटार वाहन कायदा १९८८चा, रिमोट स्टार्टर इकडे कोणाला माहीतही नसतानाचा. त्याच्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीत एकतर परवानाधारक माणूस चालकाच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणजे रस्त्यावर उभी गाडी दुरून गार करणं मुळातच बसत नाही. घराच्या आवारात गोष्ट वेगळी.

इम्मोबिलायझरचंही तेच. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही, म्हणून काही जण दुसरी चावीच डॅशबोर्डच्या आत कायमची चिकटवतात. चोरालाही गाडी ओळखायला लागते. पुढे चोरीचा दावा करताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते तेव्हा मालकाला त्या चावीची आठवण होते. पण हे नुकसान निदान मालकाचं आहे, त्याने ते समजून ओढवून घेतलं तर मी फार वाद घालत नाही. सांगतो आणि सोडतो.

हँडब्रेकची वायर मी बोल्टला बांधत नाही. गिऱ्हाईक मग मूर्तिजापूरला किंवा अकोल्याला जातं आणि तिथे कोणीतरी बांधून देतं. माझ्या नकाराने रस्त्यावरची एक गाडीही कमी झाली नसेल. तो हिशेब मला सुटत नाही, आणि तो सुटेपर्यंत थांबायची गरजही वाटत नाही. अवघड प्रसंग वेगळाच असतो. हॉर्न किंवा हेडलाइटच्या कामाला गाडी येते, सेकंडहँड घेतलेली, कव्हर उघडलं की टेप गुंडाळलेली ती बारीक वायर बोल्टला आवळलेली दिसते. मालकाला तो रिमोट गाडीबरोबर फुकट मिळालेला, त्याचं त्याला कौतुक. त्याने मला हॉर्नसाठी बोलावलंय. न विचारता वायर सोडली तर त्याच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावला. विचारलं तर तो बहुधा “राहू द्या” म्हणणार. मी त्याला खाली वाकवून टॉर्चने ती वायर दाखवतो, मग गाडी गिअरमध्ये टाकायला सांगतो, आणि समोर कोणी नाही ना हे पाहून रिमोट त्याच्याच हातात देतो.