पुसलेला पोचा

वयाच्या ६८व्या वर्षी नवी विद्या शिकू नये, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. आणि सांगितले असते तरी माझ्या नातीने ते शास्त्र वाचलेले नाही. गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारी ती आपला संगणक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, शब्दकोडी पुरे झाली. आज तुम्हांला फोटो सुधारायला शिकवते."

शिकण्यासाठी चित्र कोणते घ्यावे, हा प्रश्न फार वेळ पडला नाही. आमचे घर दिघीला, आळंदीच्या रस्त्यालगत. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि पलीकडे भोसरी-चाकणचे कारखाने. त्यामुळे पालखी आणि मोटार ही दोन्ही वाहने इथल्या माणसाला सारखीच ओळखीची. घरासमोर आमची २०११ सालची राखी रंगाची गाडी उभी होती. नातीने मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि माझा विद्यारंभ झाला.

ज्या साधनावर मी धडे गिरवले त्याचे नाव गिंप. ते १९९६ साली लोकांपुढे आले आणि आजही फुकट मिळते. त्याच्या आधी, १९९० मध्ये, थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकन भावांचे फोटोशॉप बाजारात आले होते. या साधनांतील मुख्य खुबी म्हणजे थर. मूळ चित्र तळाशी ठेवायचे आणि काचेवर काच ठेवावी तसा त्यावर नवा थर घालून जे रंगकाम करायचे ते त्या थरावर करायचे. वरची काच उचलली की खालचे मूळ चित्र जसेच्या तसे. "आधी नवा थर घ्या, आबा," असे नात मला दर पाच मिनिटांनी बजावत होती, आणि मी दर पाच मिनिटांनी विसरत होतो.

पहिल्या दिवशी गाडी लाल झाली. मग पिवळी, मग मोरपिशी. तिला ट्रकची चाके लावली. शेवटी ती सबंध उचलून दत्तगडाच्या टेकडीवर नेऊन ठेवली, तेव्हा आम्ही दोघे इतके हसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. त्या हसण्यात पाप नव्हते, हे आजही मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशीचा धडा होता डाग काढण्याचा. त्यासाठी एक ब्रश असतो. नातीने त्याचे नाव ठेवले होते 'मलम'. आसपासच्या धडधाकट पत्र्याचा नमुना उचलून तो जखमेवर पसरतो आणि छटाही जुळवून घेतो. आमच्या गाडीच्या डाव्या दाराला एक पोचा आहे. तीन वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना ती मीच फाटकाच्या खांबावर घातली होती. पोच्याच्या कडेने गंज धरला होता. मी मलम फिरवले. चार हात मारताच दार असे गुळगुळीत झाले की मी खिडकीतून खरे दार पुन्हा एकदा पाहून घेतले.

"मागचा तो फलक पण पुसू या का?" नातीने विचारले. गाडीमागच्या भिंतीवर पालखीच्या स्वागताचा फलक दिसत होता.

"राहू दे," मी म्हणालो. "त्याने काय बिघडते?"

गाडी विकण्याचे घरात आधीपासूनच घाटत होते. पुढच्याच आठवड्यात जाहिरात द्यायची ठरली आणि फोटो हवा होता. मोबाईलमध्ये दोन फोटो होते. मी कोणता दिला, हे वाचकांना सांगायला नकोच. त्या क्षणी मी काही ठरवले, असे मला आठवत नाही. सुंदर ते पुढे केले, इतकेच वाटले.

तीनच दिवसांनी एक तरुण आला. चाकणच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी संपवून, न झोपता, दोन बस बदलून आला होता. म्हाताऱ्या आईला गावाहून दवाखान्यात आणायला गाडी हवी होती. त्याच्या हातात एक लोहचुंबक होता. जुन्या गाडीचा पोचा पुट्टी भरून वर रंग मारून लपवला असेल, तर तिथे चुंबक चिकटत नाही; जाणते गिऱ्हाईक तो बरोबर आणते. डाव्या दारापाशी येताच तो थांबला. मग चुंबक त्याने हळूच खिशात टाकला आणि माझ्याकडे न पाहता विचारले,

"काका, फोटो जुना आहे का?"

मी म्हणालो, "हो."

त्याने मान हलवली. सौदा झाला; पोच्यापोटी पाच हजार रुपये कमी करून तो गाडी घेऊन गेला.

आता सांगा, नुकसान कोणाचे झाले? त्याने दार डोळ्यांनी पाहिले, किंमत उतरवली आणि मगच पैसे मोजले. हिशेबाच्या वहीत कुठेही खोट नाही. तरी त्या रात्री मला झोप लागेना, आणि झोप न येणाऱ्या माणसाप्रमाणे मी स्वतःचे वकीलपत्र घेतले.

मी स्वतःला म्हणालो, चित्र बदलणे हे काय आजचे आहे? आमच्या लहानपणी फोटोवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली सत्यवचनी राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला तो कॅमेऱ्याच्या करामती करूनच, आणि त्यातली तारामती होते साळुंके नावाचे गृहस्थ! सत्याची महती गाणारा चित्रपट, आणि त्यातली राणी पुरुष! त्यांना कोणी खोटारडे म्हटले नाही.

पण वकील जिथे थांबतो तिथे न्यायाधीश बोलू लागतो. फाळक्यांकडे जाणारा प्रेक्षक चमत्कार पाहायलाच तिकीट काढीत होता. भिंतीवर लावायच्या फोटोत व्रण बुजवले तर कोणाचे काही जात नव्हते. मात्र तोच फोटो लग्न जुळवण्यासाठी परगावी गेला, की त्या पेन्सिलीचा अर्थ बदलत असे. नॅशनल जिऑग्राफिक या प्रसिद्ध मासिकाने १९८२च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड यंत्राच्या साहाय्याने जवळ सरकवले. चित्रकाराने कॅनव्हासवर ते सरकवले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. गहजब झाला, कारण त्या मासिकाचे चित्र लोक साक्षीदार म्हणून पाहत होते.

मला वाटते, सगळा प्रश्न या एका शब्दापाशी येतो. चित्र जोवर करमणूक आहे तोवर त्यात हवे ते करावे. दत्तगडावर चढवलेली मोटार खोटी नव्हे, कारण ती कोणाला काही पटवीत नव्हती. पण ज्या क्षणी मी चित्राला साक्षीदार म्हणून उभे करतो, आणि त्याच्या साक्षीवर विसंबून कोणी रात्रीची झोप मोडून दोन बस बदलतो, त्या क्षणी त्याच्यावरचा प्रत्येक हात ही माझी जबानी होते. माझे तोंड बोलले नाही, हात बोलला. हाताने बोललेले खोटे तोंडाला कळत नाही, म्हणूनच ते इतके सोपे असते. त्या गिऱ्हाइकाच्या खिशात पत्रा तपासायला चुंबक होता; फोटो तपासायला त्याच्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरे काय होते?

आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात रोज कितीतरी गाड्या रंगून निघतात. तिथेही थरावर थर चढतात: आधी गंज रोखणारा, मग रंगाचा, वर चकाकीचा. तो रंग म्हणजे लोखंडाविषयीचे खोटे आहे काय? नाही. तो लोखंडाला जपतो. माझ्या मलमाने गंज जपला नाही की थांबवला नाही, नुसता झाकला. दोन्ही थरच, पण एक वस्तूच्या बाजूचा आणि एक वस्तूच्या विरुद्ध.

एवढे सारे कळल्यावरही दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला फोन केला. घसा कोरडा पडला होता.

"फोटो जुना नव्हता," मी म्हणालो. "पोचा मीच पुसला होता."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला. "मला ठाऊक होतं, काका. मागच्या भिंतीवर यंदाच्या पालखीचा फलक आहे की! त्यावर साल लिहिलंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची नात दारात उभी होती," तो म्हणाला.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. फोटो जुना आहे का, हा त्याचा प्रश्न नव्हताच. माझ्या अब्रूला पडलेला पोचा एका परक्या पोराने, डोळ्यांत झोप असताना, हलक्या हाताने झाकू पाहिला होता. त्याने कोणाला फसवले नाही. फसायला तिथे कोणी नव्हते. आणि मी मात्र त्याने पुढे केलेली ती सबब घाईघाईने उचलून खिशात घातली होती.

संध्याकाळी नातीला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, संगणक उघडला आणि एकच कळ दाबली. वरचा थर नाहीसा झाला. दार पोच्यासकट, गंजासकट पुन्हा समोर आले.

"यासाठीच म्हणते, आबा," ती म्हणाली, "आधी नवा थर घ्या. खालचं मूळ सांभाळून ठेवायचं असतं."

गाडी आता गेली आहे. हा फोटो मात्र मी तसाच ठेवला आहे, पोच्याचा.