प्याला एक आहे का?



सूतगिरणीत माझ्या शेजारच्या रिंगफ्रेमवर एक ख्रिस्ती दोस्त असतो. त्याचा आजा आपल्याच महारवाड्यातला. आपली पोरं त्याला 'मिशनचा गहू' म्हणून चिडवतात. मीही चिडवलं. एका रातपाळीला तो म्हणाला, "आमच्या देवळात विश्वासाची कबुली म्हणतात. तिच्यात येशू जन्मतो आणि लगेच पिलाताच्या हाताखाली मरतो. मधली वर्षं गायब. तो कुणासंगं जेवला, ते नाहीच."

दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. १८५७ साली गोऱ्यांच्या चर्चनं 'काहींच्या दुबळेपणापायी' काळ्या ख्रिस्ती माणसांची उपासना वेगळी करायला मुभा दिली. १८८१ साली त्यांचं चर्चच वेगळं झालं. कबुली तीच, प्याला वेगळा. गावच्या हॉटेलात आपला कप वेगळा असायचा, तसा. पुढं १९८२ साली त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चनं बेल्हारची कबुली लिहिली, १९८६ साली स्वीकारली: देव अन्याय झालेल्यांच्या बाजूला उभा असतो, चर्चनंही तिथंच उभं राहावं. अमेरिकेत जेम्स कोन १९६९ पासून हेच लिहीत होते. ख्रिस्त काळा आहे, म्हणाले. सवाल नुसत्या कातडीचा नव्हता, बाजूचा होता.

मग नुसते शब्द फुकट का? नाही. बेल्हार हेही शब्दच. शब्द दिलेला असला, की माणसाला त्या शब्दावर धरता येतं.

आपलीही कबुली आहे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत मधलं जगणं गाळलेलं नाही. समता मानीन एवढ्यावर भागत नाही, ती आणायची धडपड करीन, असंही आपण बोललोय. आणि गेल्या साली बहिणीला मातंग पोराचं स्थळ आलं. घरचे नको म्हणाले. समतेवर कविता करणारा मी, गप्प बसलो. आपला प्याला तरी एक आहे का?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं धर्म बदललेल्या दलिताच्या सवलती गेल्या. बौद्धांना त्या १९९० साली मिळाल्या. ख्रिस्ती दोस्ताला अजून नाहीत. जो मार आपण खाल्ला तो तो अजून खातोय, आणि आपण त्याला गव्हावरून हसतो.

मी त्याची माफी मागितली. बावीस प्रतिज्ञांचा कागद त्याला दिला. म्हणालो, "मी चुकलो की यातली दाखव." त्यानं घडी घालून खिशात ठेवला. बहिणीचं स्थळ अजून मोडलेलं नाही. रविवारी घरात बोलायचंय.