निवृत्तीची न्याहारी

नोकरींतून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या घरीं पहिल्याच मोकळ्या सकाळीं दोन प्रश्न ऐकूं येतात. बैठकीच्या खोलींतून विचारणा होते, "आज न्याहारीला काय आहे?" आणि स्वयंपाकघरांतून विचारणा होते, "आज न्याहारीला काय करूं?" दोन्ही प्रश्न एकाच बशीविषयींचे, भेद आहे तो केवळ क्रियापदाचा. परंतु 'असणें' आणि 'करणें' या दोन क्रियापदांमध्यें जें अंतर आहे, त्यांत निवृत्तीच्या नीतीचा सारा प्रश्न सांठलेला आहे, असें आम्हांस वाटतें. पोहे कीं उपमा, हा वाद क्षुद्र खरा. पण एकाचें स्वातंत्र्य कोणाच्या श्रमावर उभें असतें हा प्रश्न क्षुद्र नाहीं, आणि तो या वादाच्या पोटांत दडलेला आहे.

नवी मुंबईसारख्या नगरांत तो विशेष ठळकपणें दिसतो. सिडको या संस्थेची स्थापना १९७० सालीं झाली, ठाण्याच्या खाडीवरील पहिला पूल १९७३ मध्यें खुला झाला, आणि मानखुर्दहून वाशीपर्यंत आगगाडी आली ती १९९२ सालीं. त्या सुमारास मुंबईंतील चाळींच्या खोल्या सोडून कितीतरी कारकून, शिक्षक आणि बँकांतील नोकर वाशी, नेरूळ, बेलापूर येथें येऊन राहिले. जुन्या शहरांत म्हातारपण पिढ्यापिढ्यांत वांटलेलें असतें. येथें तें बरेंचसें एकदम आलें आहे. त्या वेळीं तरुण असलेलीं जोडपीं आतां निवृत्त झालीं आहेत. सकाळीं वाशीच्या सागर विहारापाशीं किंवा पारसिकच्या टेकडीवर जाऊन पाहावें, तों पांढऱ्या केसांची वर्दळ. महापालिकेनें ज्येष्ठांसाठीं विरंगुळा केंद्रें उघडलीं आहेत. तेथें वर्तमानपत्रें वाचलीं जातात, रक्तांतील साखरेचे आंकडे एकमेकांस सांगितले जातात, आणि नाचणीचें सत्त्व बरें कीं ओट्स, मोड आलेले मूग बरे कीं भाजणीचें थालीपीठ, यांवर एखाद्या शास्त्रार्थाच्या गांभीर्यानें चर्चा चालते.

या चर्चेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या माणसानें तीस वर्षें उभ्याउभ्या गरम पोह्यांचे दोन घांस गिळून सकाळची गाडी गांठली, त्याला आतां बसून, चवीनें आणि सावकाश खावयास मिळावें, हें न्याय्यच होय. श्रमाच्या अखेरीस विश्रांति हा माणसाचा हक्क आहे, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाहीं. जर्मनींत वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १८८९ सालीं झाला, तेव्हां त्यासाठीं सत्तर वर्षांच्या वयाची अट होती, आणि तें वय गांठणारे कामगार थोडेच असत. आपल्याकडे राज्यशासनाच्या बहुतेक नोकरांना ५८ व्या वर्षीं निवृत्ति मिळते; केंद्राच्या नोकरांसाठीं ही मर्यादा १९९८ पासून ६० वर्षांची आहे. त्यानंतरहि पंधरा-वीस वर्षें हातीं राहावीं, ही आधुनिक काळाची मोठीच देणगी आहे, आणि ती घेतांना कोणाला संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

तथापि आपल्या पूर्वजांच्या कल्पनेशीं ही नवी निवृत्ति ताडून पाहिली असतां एक चमत्कारिक विरोध दिसतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरांत नातवंड दिसूं लागलें म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी. आणि तसें करतांना आरंभींच जें सोडावयाचें, तें गांवांतील अन्न. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें अगर बरोबर न्यावें. त्या ग्रंथांतील कित्येक वचनें आज कोणीहि विचारी मनुष्य मान्य करणार नाहीं, आणि पत्नीची ही व्यवस्थाहि तिला न विचारतांच लावलेली आहे. परंतु त्या योजनेंत एक सुसंगति होती: कर्तव्यांचा भार उतरला कीं गरजांचाहि उतरवावयाचा. आपल्या निवृत्तींत कर्तव्यें तेवढीं उतरतात. गरजा तशाच राहतात, नव्हे, त्यांना फुलावयास अवकाश मिळतो. वानप्रस्थानें जें आरंभींच सोडावयाचें, तेंच निवृत्त गृहस्थाला आरंभीं आठवतें.

आतां हाच हिशेब दुसऱ्या बाजूनें मांडून पाहूं. पतीच्या नोकरीच्या काळांत गृहिणी पहांटे उठे, डबा भरून देई, मुलांना शाळेला धाडी; पण एकदां तीं पाउलें जिना उतरलीं कीं, घरचीं कामें आटोपल्यावर दुपारचें घर तिचें असे. त्या वेळांत ती वाचीत असेल, शेजारणीशीं बोलत असेल, कीं नुसती खिडकीपाशीं बसत असेल. त्या वेळेचा जाब विचारणारा कोणी नव्हता. पतीची निवृत्ति हा अवकाशच प्रथम गिळून टाकते. सहाला चहा, फिरून आल्यावर न्याहारी, वर्तमानपत्राबरोबर दुसरा चहा, एकाला गरम जेवण. एका डब्यांत मावणारें काम दिवसभर पसरतें. एकाला मिळालेली फुरसद दुसरीच्या फुरसतींतून कापून घेतलेली असते, आणि कापणाऱ्याच्या हें ध्यानांतहि येत नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, घरच्यांसाठीं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटें जातात आणि पुरुषांचीं ९७. शिवाय असें काम करणारे पुरुष शंभरांत सुमारें २६ च. जिनें स्वतः नोकरी केली, तिची गत तर आणखी विलक्षण. कचेरींतून ती निवृत्त होते आणि त्याच आठवड्यांत दुसऱ्या, बिनमुदतीच्या नोकरीवर पूर्ण वेळ रुजू होते.

मोठमोठ्या विचारवंतांच्या सकाळींहि हेंच दिसतें. जर्मन तत्त्ववेत्ता कांट हा नियमितपणाचा आदर्श म्हणून प्रसिद्ध आहे. तो पहांटे पांचला उठे, पातळ चहा घेई, चिलीम ओढी आणि कामाला बसे. परंतु पांच वाजतां त्याला उठवीत असे तो लांपे नांवाचा त्याचा नोकर. कितीहि विनवण्या केल्या तरी आपणांस झोपूं द्यावयाचें नाहीं, अशी धन्याची त्याला आज्ञा होती. सुमारें चाळीस वर्षें हा क्रम चालला. मनुष्याला केवळ साधन मानूं नये, हें तत्त्व ज्यानें १७८५ च्या आपल्या ग्रंथांत जगापुढें मांडलें, त्याचा दिवस दुसऱ्या एका मनुष्याच्या त्याहून लवकर उठण्यावर अवलंबून होता. यांत कांटनें आपलें तत्त्व मोडलें असें आम्ही म्हणत नाहीं. लांपेला वेतन मिळे, आणि १८०२ सालीं त्याला कामावरून दूर केलें तेव्हां धन्यानें त्याला वर्षासनहि ठरवून दिलें. आमच्या घरांतील पहांटे उठणाऱ्या माणसाला वेतन नाहीं, वर्षासन नाहीं आणि ५८ वें वर्षहि नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आपल्या संतांच्या कथांनीं या प्रश्नाकडे डोळेझांक केलेली नाहीं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणांत रमले असतां, त्यांच्यासाठीं भाकरी घेऊन डोंगर चढत असे ती जिजाई, असें परंपरा सांगते. तिच्या करवादण्याच्या गोष्टी आपण हंसत हंसत ऐकतों. पण ती चढण तिनें नाकारली नाहीं, हें त्याच गोष्टींत आहे. आणि जनाबाईची कथा तर याहून पुढें जाते. पहांटे दळावयास बसलेल्या त्या दासीच्या जात्याचा खुंटा धरावयाला प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसला. ज्या समाजाला देवानें जातें ओढलेलें शोभलें, त्या समाजांतील गृहस्थाला चहाचें आधण ठेवणें कमीपणाचें वाटावें, हें नवल होय.

यावर कोणी म्हणेल, 'पण तिला हें सारें आवडतें. तिच्या ओट्याला दुसऱ्यानें हात लावलेला तिलाच खपत नाहीं.' हा आक्षेप खोटा नाहीं, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. आपल्या हातचें माणसांनीं आवडीनें खावें, यांत खरा आनंद आहे, आणि तो आनंद कायद्याच्या भाषेंत मोजूं पाहणें हा रुक्षपणा ठरेल. परंतु ज्या गोष्टीला जन्मभर दुसरा पर्यायच नव्हता, तिला आवड म्हणावें कीं संवय, हें बाहेरच्या माणसाला कळणें कठीण. कित्येकदां तें तिचें तिलाहि कळत नाहीं. पर्याय पुढें ठेवून पाहिल्यावांचून ही परीक्षा होत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, 'मग स्वयंपाकाला बाई ठेवावी.' अवश्य ठेवावी, आणि तिला योग्य वेतन व हक्काची सुटी द्यावी. मात्र त्यानें प्रश्न सुटला असें समजूं नये. तो एका घरांतून उठून दुसऱ्या घरीं जातो. आपल्या साडेआठच्या न्याहारीसाठीं ती बाई आपल्या मुलांचें खाणें किती वाजतां करून निघते, हेंहि विचारावयास हवें.

तर मग करावें तरी काय? आमच्या मतें दोन मार्ग आहेत, आणि ते परस्परांस पूरक आहेत. पहिला वानप्रस्थाचा: गरज थोडी उतरवावी. रात्रीची भाकरी दह्याशीं, शिळी पोळी फोडणीला टाकून, किंवा कोंकणांतल्यासारखी तांदळाची पेज, या न्याहाऱ्या आपल्या वाडवडिलांना कमीपणाच्या वाटल्या नाहींत. दुसरा मार्ग विठ्ठलाचा: खुंट्याला हात लावावा. ज्यानें तीस वर्षें किचकट टिपणें लिहिलीं, त्याला पोहे पाण्यांत बुडवून ठेवावयाचे नसतात, चाळणींत धुवून निथळत ठेवावयाचे असतात, हें शिकणें जड जाऊं नये. मात्र याला 'मदत' म्हणूं नये. मदत हा शब्द उच्चारला कीं काम मूळचें तिचें ठरतें, आणि आपण उपकारकर्ते ठरतों. 'काय आहे?' आणि 'काय करूं?' या दोन प्रश्नांच्या जागीं 'काय करूं या?' हा एकच प्रश्न ज्या घरांत आला, त्या घरांत निवृत्ति खरोखर पोंचली असें म्हणावें.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत सोपा असूनहि बहुधा राहून जातो. तिला स्वतःला न्याहारीला काय आवडतें? पतीला तिखट पोहे लागतात, मुलाला साबुदाण्याची खिचडी, नातवाला दूध-पोळी, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असतें. तिची आवड विचारली तर पुष्कळ घरांत उत्तर सांपडत नाहीं. निवृत्त गृहस्थाजवळ आतां वेळ आहे. त्यानें हें विचारावें. पहिल्या दिवशीं ती बहुधा 'कांहींहि चालेल' असें म्हणेल. पुष्कळ वर्षांत कोणी विचारलेलें नसलें म्हणजे असेंच उत्तर येतें. तें खरें मानूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.