वाढत्या अंगाचा पट्टा

शिगम्यात डिचोली-पेडण्याकडे घोडेमोडणी बघायला उभे राहिलो की नजर जाते ती फुलांनी सजवलेल्या लाकडी घोड्यावर, नाहीतर तलवारीवर. घोडा कमरेला बांधलाय कसा, हे कोणी पाहत नाही. नाचणाऱ्याच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात लगाम. गाठ सुटली तर सावरायला तिसरा हात नाही.

कराटेच्या पट्ट्याकडेही आपण असंच बघतो, फक्त इथे नजर रंगावर खिळते. पिवळा झाला का? काळ्याला अजून किती वर्षं? खरं तर हे रंग बरेच उशिरा आले. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत ज्युदोची शाळा काढली आणि वरच्या शिष्यांना काळा पट्टा देण्याची प्रथा तिथे पडली. कराटेने ती ज्युदोकडून उचलली. मधले पिवळे-हिरवे टप्पे रुजले ते युरोपात. पांढरा पट्टा न धुता वापरत राहिलं की मळून मळून काळा होतो, ही दंतकथा ऐकायला छान आहे. पेडण्याच्या पावसाळ्यात तो काळा होईलही, पण बुरशीने.

आपल्याकडे गणवेश घेतात तो वाढत्या अंगाचा. त्याबरोबर पट्टाही तसाच येतो आणि त्याची टोकं पोरीच्या गुडघ्याखाली लोंबत राहतात. ज्युदोच्या स्पर्धेत गाठीपासून टोकं 20 ते 30 सेंटिमीटर असावीत असा नियमच आहे. कमरेचे दोन वेढे, गाठ आणि ही दोन टोकं एवढा हिशेब धरला तर 60 सेंटिमीटर कमरेच्या मुलीला दोन-सव्वादोन मीटर पुरतो.

बांधायला सोपा आहे, म्हणूनच चुकतो. पट्ट्याचा मध्य बेंबीखाली ठेवायचा, टोकं मागून फिरवून पुढे आणायची, वरचं टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून वर काढायचं. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मग दुसरा फेर उलट्या बाजूने घ्यायचा असतो. हाताच्या सवयीने तो त्याच बाजूने गेला की गाठ उभी राहते, एक टोक वर, एक खाली. जपानमध्ये अशी उभी गाठ अशुभ मानतात, कारण मृताच्या किमोनोला ती बांधतात. आपण शुभाशुभ सोडून देऊ, पण उभी गाठ दोन लाथांत सुटते.

मी स्वतः कितीतरी महिने उभीच गाठ मारत होतो. सर समोर उभे राहून दाखवायचे. त्यांचा उजवा हात तो माझा डावा. एके दिवशी ते शेजारी येऊन उभे राहिले आणि पाच मिनिटांत जमलं. शिकवणाऱ्याने कुठे उभं राहावं, हा प्रश्न मला तेव्हापासून कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा वाटतो.

रंग परीक्षक देतात, आणि एकदा मिळाला की तो घडी करून कपाटात ठेवला तरी आपलाच. गाठ मात्र वर्ग सुटला की सुटते. काळ्या पट्टेवाल्यालाही ती उद्या पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते, पांढऱ्यावाल्याच्या शेजारी उभं राहून. मला पट्ट्यातली ही बाजू जास्त आवडते.

म्हणून आई-बाबांनो, वर्गाच्या दारात वाकून मुलांचे पट्टे बांधून देऊ नका. सुटू दे दोनदा.